मोठ्या साहेबांचं मरण लांबणीवर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द या वेळी अगदी शब्दशः घे. गेले सात महिने कामाच्या वेळात मी आठही अंगांनी आडवाच असतो. नमस्कारात तोंड खाली असतं, माझं वर असतं, एवढाच काय तो फरक.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की अजूनही दवाखान्याची पायरी चढली की थांबतो आणि घरी आलं की सुरू होतो? त्यांनाही नमस्कार सांग. तुमचा टीव्ही अजून बिघडलेलाच असेल. (तो चार वर्षं बिघडलेला आहे असं तू दर पत्रात कळवतेस. आमची मालिका सुरू होऊनही चारच वर्षं झाली. योगायोग म्हणायचा आणि सोडून द्यायचा.) माझी तब्येत ठणठणीत आहे. झोप भरपूर होते. या झोपेबद्दल पुढे सविस्तर लिहिणारच आहे, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

पत्राला कारण तुझंच पत्र. मोजून सहा ओळी. तू मेट्रन होतीस तेव्हा वॉर्डातल्या औषधांच्या चिठ्ठ्यांतसुद्धा याहून जास्त माया असायची. त्रेपन्न पूर्ण झाली, आता बास झालं. नर्सिंग स्कूलच्या ऑफिसात हजेरीपट सांभाळायची जागा रिकामी आहे. मी शब्द टाकला आहे. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. एक तारखेच्या आत हो म्हणून कळव. आणि सहावी ओळ, जी वाचून माझा चहा पेल्यातच गार झाला : सात महिने नुसतं निजून राहणाऱ्याने स्वतःला नट म्हणवून घेऊ नये. वा! तीस वर्षं आजारी माणसांना 'निजून राहा' म्हणून दटावणाऱ्या बाईने हे लिहावं, म्हणजे कमाल झाली. तर ताई, उत्तर आधीच लिहून टाकतो, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायची घाई नको. उत्तर 'नाही' असं आहे. मी येणार नाही. हजेरीपटावर दुसऱ्यांची हजेरी मांडायला माझा जन्म झालेला नाही. का नाही, ते आता नीट ऐक. पाणी पिऊन बस.

अठ्ठावीस वर्षांत मी काय केलं, हा तुझा आवडता सवाल. अकरा वेळा इन्स्पेक्टर झालो, सात वेळा न्यायाधीश, चारदा पोस्टमन आणि एकदा अर्धा मंत्री. (अर्धा अशासाठी की तो प्रसंग पुढे कापला, फीत कापणारा हात तेवढा राहिला, तो माझा.) मी न्यायाधीश असताना एकाही निरपराध माणसाला शिक्षा झाली नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. निकाल द्यायला तोंड उघडलं रे उघडलं की दरवाजा ढकलून कोणीतरी 'थांबा!' म्हणत आत यायचंच. सिनेमात नायकाच्या मागच्या टेबलावर बसून मी सूप प्यायलो. ते एकूण बावीस वेळा प्यायलो, कारण नायकाला 'मला तुझी गरज नाही' एवढं वाक्य सलग येत नव्हतं. तू तेव्हा कळवलंस की पिक्चर पाहिला, तू जेवताना दिसलास, बारीक झाला आहेस. एवढीच तुझी समीक्षा! पण बावीस वेळा तेच गार सूप पहिल्यांदाच पीत असल्यासारखं प्यायला काय लागतं, हे एकदा त्या नायकाला विचार. तो आज मोठा झाला आहे, आणि वाक्य त्याला अजूनही सलग येत नाही.

आणि मग चार वर्षांपूर्वी ही मालिका आली. तिच्यात मी घराचा कर्ता, कारखान्याचा मालक, सगळे ज्याला 'मोठे साहेब' म्हणतात तो. पहिल्यांदाच मला खुर्ची मिळाली जिच्यात माझ्याशिवाय कोणी बसत नसे, आणि जिना मिळाला ज्याच्यावरून मी सावकाश उतरायचो आणि खाली सगळे गप्प व्हायचे. (आमचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा बिस्किटांचा कारखाना. अजून पंखे लावले की व्हॅनिलाचा वास येतो. त्या वासात तीन वर्षं मी लोकांना घराबाहेर काढलं.) आता माझी खोड तुला ठाऊक आहे. मी एक वही केली. साहेबांचा जन्म कधीचा, लग्न कधी झालं, गोड चालतं की नाही, डाव्या खांद्याला गोळी कोणत्या महिन्यात लागली, सगळं त्यात टिपलेलं. लेखक दर पाच-सहा महिन्यांनी बदलायचे, त्यामुळे त्या घराची माहिती असलेला मी एकटाच उरलो. शेवटचा लेखक आला तो तर अगदी नवखा. त्याने मला वाक्य दिलं, 'मला देवाने मुलगी दिली नाही.' मी म्हटलं, अहो, दोनशे एकोणिसाव्या भागात मी माझ्या थोरल्या मुलीला डोळ्यांत पाणी आणून सासरी पाठवली, त्याचं काय? तो म्हणाला, लोक विसरले. मी म्हटलं, बाप विसरलेला नाही. आणि मी ते वाक्य बोललो नाही. निर्माता आला, दिग्दर्शक आला, चहा आला, तरी बोललो नाही.

आमच्या धंद्यात जिना हा फार मोठा अधिकारी आहे, ताई. तुमच्याकडे कोणी वाद घातला तर बदली होते, आमच्याकडे जिन्यावरून पडतात. मालिकेतल्या आत्याबाईंनी मेकअपला वेगळी खोली मागितली, त्या परदेशी मुलाकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. माळ्याचं काम करणाऱ्याने सुट्टी मागितली, त्याची स्मृती गेली. मी वाक्य नाकारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात कागद आला : साहेब वरच्या पायरीवरून घसरतात, डोक्याला मार, कोमा. घसरणं मी असं केलं की सेटवरच्या दोघी बायका खरोखर किंचाळल्या. (तू पत्रात लिहिलं होतंस की डोकं आपटताना मान त्या बाजूला जात नाही. शेजारणीकडे टीव्ही चालू होता म्हणून सहज नजर गेली, असंही लिहिलं होतंस. शेजारणीच्या टीव्हीवरून सहज गेलेल्या नजरेला मानेचा कोन दिसला, शाबास!)

तेव्हापासून मी निजून आहे. आणि तू म्हणतेस 'नुसतं'. सकाळी साडेसातला हजर व्हायचं, नाकाला प्लास्टिकची नळी चिकटपट्टीने लावायची, आणि वर चार दिवे तळपत असताना हलायचं नाही. श्वास घ्यायचा, पण दिसता कामा नये. पोट जरा वर आलं की दिग्दर्शक ओरडतो, 'साहेब, जिवंत दिसताय!' चिकटपट्टीखाली नाकाला खाज सुटते ती अशी की शत्रूलाही सुटू नये. सून येते ती छातीवर डोकं ठेवून रडते; तिच्या डोळ्यांतलं ग्लिसरीन नेमकं माझ्या कानात जातं, आणि मी कोमात असल्यामुळे कान पुसू शकत नाही. वर घरातला प्रत्येक जण एकेक करून येतो, दार लावतो आणि स्वतःचं पाप माझ्या कानात सांगतो. धाकट्याने कारखान्याचे कागद बदलले, व्याह्यांनी जिन्याच्या पायऱ्यांना तेल लावलं, सगळं मला माहीत आहे. एवढं ऐकून पापणी हलू न देणं याला तू निजणं म्हणतेस? जरा करून बघ म्हणावं भाऊजींना. पाच मिनिटांत खोकतील.

आता मुख्य प्रकरण. तीन आठवड्यांमागे कळलं की वाहिनीला साहेब पुरे झाले. त्या दिवशी मला मरायचं होतं. तयार भाग हातात एकही नव्हता; दिवसभर चित्रण करायचं आणि तेच संध्याकाळी साडेआठला लोकांना दाखवायचं, अशी धावपळ. मी नेहमीप्रमाणे आठच्या आत नळी लावून पलंगावर. पण सुनेचा ड्रेस इस्त्रीवाल्याने जाळला, दुसरा आणायला माणूस गेला, तो वाहतुकीत अडकला, मग जेवणाची सुट्टी झाली, मग वीज गेली. मला कोणी उठू देईना, कारण उठलं की चादरीच्या घड्या बदलतात आणि मग आधीच्या चित्रणाशी जुळत नाहीत. तू विचार कर, पंखा चालू, व्हॅनिलाचा वास, अंगावर मऊ पांघरूण आणि आठ तास. चार वाजता प्रसंग सुरू झाला तेव्हा मी गाढ झोपलो होतो. कोणाला कळलं नाही, कारण मी रोज तसाच दिसतो. (हे माझ्या अभिनयाचं प्रमाणपत्र समजावं.)

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, साऱ्या जगाने पाहिलं आणि मग मला सांगितलं. वेळ नव्हता म्हणून तीन कॅमेरे लावून सगळा प्रसंग एका दमात घेतला. डॉक्टरने माझं मनगट धरलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, 'साहेब आपल्याला सोडून गेले.' रडारड सुरू झाली. आणि त्या रडारडीत मी नाक खाजवलं. नुसतं टोकाला नाही, चांगलं चवीने खाजवलं. मग डाव्या कुशीवर वळलो, पांघरूण कानापर्यंत ओढलं आणि एक समाधानाचा सुस्कारा सोडला. तू म्हणशील एवढे लोक होते, कोणी थांबवलं कसं नाही? सुनेच्या डोळ्यांत ग्लिसरीन, तिला भिंतसुद्धा दिसत नव्हती. डॉक्टर दुःख झालं की छताकडेच बघतो, त्याला तेवढंच येतं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता, कारण पाठमोरं असलं की रडावं लागत नाही. दिग्दर्शक फोनवर वाहिनीला 'होतंय, होतंय' म्हणत होता. कॅमेरावाल्याने मात्र पाहिलं, पण त्याला वाटलं की कागदावर असेल. आमच्या मालिकेत कागदावर काहीही असतं. बाकीचे प्रसंग आटपेपर्यंत संकलकाच्या हातात चाळीस मिनिटं उरली, त्यात त्याने संगीत लावलं. आठ सदतीसला साहेब वारले, आठ अडतीसला त्यांनी नाक खाजवलं, आणि पावणेनऊला वाहिनीचे फोन वाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, साहेब, आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तुम्हाला जिवंत गाडणार होते हे लोक! बसमध्ये एका बाईने मला खिडकीची जागा दिली, आराम करा म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत मला बसमध्ये कोणी जागा दिली नव्हती. उलट न्यायाधीश असताना एकाने पायावर पाय दिला होता. चार दिवसांनी निर्मात्याने मला ऑफिसात बोलावलं. तिथे तो, दिग्दर्शक, लेखक आणि वाहिनीच्या मुख्य बाई अशी बैठक. माझ्यापुढे कागद ठेवला : झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, उद्या मी विनातक्रार पुन्हा मरेन, खाली सही. ताई, तुझ्या गळ्याची शपथ, मी घाबरलो होतो. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, मी मरणार नाही. लोकांनी मला नाक खाजवताना पाहिलं आहे. माझ्या करारात वेळेवर येण्याचं कलम आहे, मरण्याचं नाही; आणि मी रोज वेळेवर येतो. निर्माता लालबुंद झाला. लेखक म्हणाला, तो साहेबांचा आत्मा होता असं दाखवू. मी म्हटलं, आत्म्याला खाज सुटत नाही.

आणि नेमकं तेव्हा वाहिनीच्या बाईंनी पिशवीतून एक पत्र काढलं. पत्रांचा ढीग होता, पण हे त्यांनी वेगळं ठेवलेलं. चार पानं, मुद्दे आकडे घालून, आकड्यांभोवती गोल, सही 'एक प्रेक्षक'. बाई वाचायला लागल्या. मुद्दा एक : नाडी तीन बोटांनी बघतात. अंगठ्याने बघितली तर बघणाऱ्याला स्वतःचीच नाडी लागते, म्हणजे आपल्या डॉक्टरने त्या दिवशी स्वतःलाच मृत जाहीर केलं. मुद्दा दोन : ज्याला मृत म्हटलं त्याने नाक खाजवल्यास डॉक्टरचा परवाना ताबडतोब ('ताबडतोब'खाली दोन रेघा) रद्द होतो, एवढी तरी माहिती ठेवावी. मुद्दा तीन, चार, पाच नळीबद्दल. आणि सहावा मुद्दा असा : रुग्ण डाव्या कुशीला वळून पांघरूण कानावर घेतो. अशा माणसाला हाक मारून जाग येत नाही, पायाच्या अंगठ्याला हात लावावा लागतो. तो दमलेला आहे, त्याला झोपू द्यावं. खाली लिहिलं होतं, प्रत डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयाला पाठवली आहे. बाईंचा चेहरा उतरला. ही कोण निवृत्त नर्स आहे कोण जाणे, पण ही आपल्याला कोर्टात खेचेल, असं त्या म्हणाल्या. माझ्यापुढचा कागद निर्मात्याने मुकाट्याने परत घेतला.

ते पत्र मी टेबलावरून उचललं. चोरी म्हण हवं तर. बसथांब्यावर उभा राहून सहावा मुद्दा पुन्हा वाचला, आणि मग दोन बसा सोडल्या, कारण तसल्या चेहऱ्याने बसमध्ये चढवत नव्हतं. 'वळून'मधला तो 'ळ' मी शाळेच्या रजेच्या अर्जांवर बघत मोठा झालो आहे. आई गेल्यावर माझे सगळे अर्ज तूच लिहायचीस, आणि 'पोटात कळ' या दोन शब्दांवर तुझा हात इतका बसला होता की हेडमास्तर न वाचताच सही करायचे. तर आता मला एकच सांग. तीन आठवड्यांपूर्वी चार पानं लिहून तू मला वाचवलंस, आणि गेल्या आठवड्यात सहा ओळी लिहून तूच मला मारायला निघालीस. दोन्ही अक्षरं तुझीच. मी कोणत्या ताईचं ऐकू? मी चार पानांवालीचं ऐकायचं ठरवलं आहे. ती जास्त बोलते, म्हणजे तिलाच जास्त माहीत असणार.

तुझा खरा राग वेगळाच आहे, हे न कळण्याइतका मी ठोंब्या नाही. (तू म्हणतेस तो भाग वेगळा.) बाबा गेले त्या दुपारी मी आलो नाही. सहा वर्षं तू ते एकदाही बोलली नाहीस, आणि दर पत्रात ते असतंच. तर आज मीच बोलतो. त्या दुपारी मी इन्स्पेक्टर होतो. मला 'कोणीही जागचं हलायचं नाही' एवढं एकच वाक्य होतं, आणि चोर पळायचं विसरत होता म्हणून ते एकोणीस वेळा घेतलं. तुझा निरोप मेकअपवाल्या काकांकडे आला होता. त्यांनी एकोणिसाव्या वेळेनंतर सांगितला. काम बिघडेल म्हणून थांबले, त्यांचाही दोष नाही. मी तशाच कपड्यांनी बस पकडली. सगळ्या वाटेवर लोक मला सलाम करत होते आणि मी पोचलो तेव्हा तू वॉर्डातला पलंग रिकामा करून चादर घडी घालत होतीस. तू माझ्या टोपीकडे पाहिलंस आणि चादरीची पुढची घडी घातलीस. ताई, मी काम करत होतो. त्या कामाची मला लाज वाटत नाही. (वाटते. पण ती माझी मी बघून घेईन, त्यापायी हजेरीपट घेणार नाही.) एका वाक्याचं का होईना, ते माझं काम होतं, आणि बाबांनीच सांगितलं होतं की हातातलं काम टाकून कोणी येऊ नये. ते तुलाही सांगितलं होतं, म्हणून तर तू त्यांच्या उशाशीसुद्धा युनिफॉर्म घालून उभी होतीस.

असो. तर ठरलं ते असं. येत्या शुक्रवारी मी डोळे उघडतो आहे. सात महिन्यांनंतर मला वाक्य मिळालं आहे. व्याही आत्तापासून घाबरले आहेत, आणि लेखक माझी वही मागून घेऊन गेला आहे. माडीवरच्या खोलीत भाऊजींना खोकायला पाठव. ऑफिसातली ती जागा एखाद्या गरजवंताला दे. नट कोण आणि कोण नाही, ते शेजारणीचा टीव्ही बघून ठरत नसतं. आणखी काय लिहू? गुडघ्यांना शेक देत जा. लोभ आहेच, तो तुझ्या सहा ओळींतही मला सापडला, म्हणजे बघ.

तुझा (अद्याप जिवंत) भाऊ,
ठोंब्या

ता. क. : वर लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त पूर्ण नाही. शुक्रवारी मी डोळे उघडतो, एक वाक्य बोलतो आणि त्याच प्रसंगात मरतो. बैठकीनंतर पुन्हा एक बैठक झाली, त्यात तडजोड झाली. वाहिनीचं म्हणणं, लोकांची मागणीही पुरी होते आणि साहेबही जातात. मी पुष्कळ भांडलो. शेवटी एवढं पदरात पाडून घेतलं की आत्मा नाही, जिना नाही, आणि मरण माझ्या पद्धतीने. लेखकाने मरणाऱ्याला दीड पानाचं भाषण लिहिलं होतं, ते मी त्याच्यासमोर फाडलं. पुढे दुसरं काम कुठलंही हातात नाही. हे तुला इतर कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

ता. क. दुसरा : एक तारीख शुक्रवारनंतर येते ना? मग ऑफिसातली जागा आत्ताच कोणाला देऊन टाकू नकोस. गरजवंत चार दिवस थांबेल. (याचा अर्थ मी येतो असा मुळीच नाही. मी फक्त तारीख विचारली.)

ता. क. तिसरा आणि खरा : मी त्यांना एक अट घातली आहे. त्या डॉक्टरच्या अंगठ्याखाली मी मरणार नाही. मनगटाला खरी नर्स हवी, नाहीतर मी शुक्रवारी पुन्हा कुशीवर वळेन, असं सांगितलं. ते कबूल झाले. वाहिनीच्या बाई तर आनंदाने झाल्या. त्यांना अजून नोंदणी कार्यालयाची धास्ती आहे. तर शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने ये. युनिफॉर्म ते देतील, बूट तुझे आण, त्यांचे लागतात. तुला वाक्य नाही. तीन बोटं ठेवायची, वाट बघायची आणि चादर वर घ्यायची, हे तुला कोणी शिकवायला नको. वीस वेळा घेतलं तरी चिडू नकोस. मला बोलायचं ते एक वाक्य अजून ठरलेलं नाही. बाबा शेवटी काही बोलले का, हे मी तुला कधी विचारलंच नाही, धीरच झाला नाही. ते मालिकेत वापरायचं नाहीये मला. नुसतं ऐकायचं आहे. काम संपलं की बसथांब्यापर्यंत चालता चालता सांग. बाबांच्या वेळी मी पोचलो नाही. या वेळी जाणारा मीच आहे, तेव्हा हजर असणारच. तू तेवढी ये.